लाकडी बिजागरीचे दार

रिचर्ड प्रेनेकी (1916-2003) यांची ओळख बहुधा अलास्काच्या रानात तीस वर्षे एकट्याने राहिलेला अवलिया अशी करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे, कारण ज्या मोकळेपणाचे लोकांना एवढे अप्रूप वाटते तो त्यांच्या हातातल्या सुतारकामावर उभा होता आणि हे काम बाजूला काढले तर त्यांच्या एकांताची कथा दोन आठवड्यांतच संपली असती.

अमेरिकेतील आयोवा राज्यात जन्मलेले प्रेनेकी पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे डिसेंबर 1941 मध्ये, नौदलात भरती झाले आणि तेथे त्यांच्याकडे सुताराचे काम आले. पुढे त्यांना संधिज्वराने गाठले. घशाच्या जंतुसंसर्गानंतर उद्भवणाऱ्या या विकारात सांधे सुजतात आणि कधीकधी हृदयालाही इजा पोहोचते. रुग्णालयात सहा महिने काढल्यावर 1945 मध्ये त्यांना नौदलातून मुक्त करण्यात आले, आणि शरीर धडधाकट राखण्याचा जो ध्यास त्यांनी जन्मभर घेतला त्याचे मूळ या आजारपणात सापडते. त्यानंतर ते डिझेल यंत्रांची दुरुस्ती शिकले, ओरेगॉनमध्ये मेंढ्यांच्या कुरणावर राबले, 1950 मध्ये अलास्कात आले आणि कोडियॅक येथील नौदलाच्या तळावर अवजड यंत्रे चालवणे, ती दुरुस्त करणे, अधूनमधून साल्मन मासे पकडणे अशी कामे करत राहिले.

वयाच्या 52 व्या वर्षी, मे 1968 मध्ये, ते ट्विन लेक्स या जोडतलावांच्या काठी मुक्कामाला आले. मात्र घराची तयारी आदल्या उन्हाळ्यातच सुरू झाली होती, कारण ओले लाकूड वाळताना आकसते हे कोणत्याही सुताराप्रमाणे त्यांनाही ठाऊक असल्याने स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे ओंडके त्यांनी तोडून, साली काढून वाळत घातले होते. सामान हलके व्हावे म्हणून काही हत्यारांची नुसती पोलादी पाती त्यांनी बरोबर आणली आणि दांडे तेथल्याच लाकडाचे घडवले. भिंती रचताना त्यांनी कोपऱ्यांवर खोगिरी खाचा पाडल्या, म्हणजे वरच्या ओंडक्याच्या पोटाला अर्धगोल खोबण कोरून तो खालच्या ओंडक्याच्या गोल पाठीवर खोगिरासारखा बसवला; खाचेचे तोंड खाली असल्यामुळे तिच्यात पाणी साचत नाही आणि लाकूड लवकर कुजत नाही. दार मधोमध आडवे दुभागलेले होते, त्यामुळे खालची फळी बंद ठेवून वरची उघडता येई, आणि त्याच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्याच होत्या. हिवाळ्यात पारा उणे 40 अंशांपर्यंत, म्हणजे सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचे आकडे जेथे एक होतात तेथपर्यंत, उतरतो अशा प्रदेशात हे दार नीट मिटणे ही हौसेची बाब नव्हती. तलावकाठचे दगड रचून त्यांनी शेकोटीची चूल व धुराडे बांधले, आणि इंधनाचे रिकामे चौकोनी पत्र्याचे डबे कापून बादल्या आणि भांडी केली.

त्यांना सर्वस्वी स्वयंपूर्ण ठरवण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. छपराच्या शेवाळाखाली डांबरी कागद आणि प्लास्टिकचा पातळ पडदा होता, चुलीसाठी सिमेंट बाहेरून आले होते, आणि बेब ऑल्सवर्थ हे वैमानिक तलावावर उतरणाऱ्या लहान विमानातून शिधा व पत्रे आणून देत. प्रेनेकींनी हे कधी लपवले नाही. काय स्वतः करायचे आणि काय मागवायचे याचा निवाडा ते कारागिराच्या हिशेबीपणाने करत, आणि हा हिशेबीपणा त्यांच्या गौरवगाथांतून नेमका गळून जातो.

रोजचे हवामान, प्राण्यांचा वावर आणि हातातले काम यांच्या नोंदी ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले, आणि तिपाईवर कॅमेरा ठेवून, स्वतः त्याच्यासमोर जाऊन त्यांनी आपल्या कामाचे चित्रीकरणही केले. या नोंदींच्या आधारे त्यांचे मित्र सॅम कीथ यांनी 1973 मध्ये ‘वन मॅन्स वाइल्डरनेस’ हे पुस्तक सिद्ध केले. चित्रीकरणावरून तयार झालेला ‘अलोन इन द वाइल्डरनेस’ हा माहितीपट त्यांच्या मृत्यूनंतरच घरोघर पोहोचला. दरम्यान 1980 मध्ये तो सारा परिसर लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाला.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी ती जागा सोडली आणि एप्रिल 2003 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. 2007 मध्ये त्या घराची नोंद ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत झाली. तेथवर आजही रस्ता गेलेला नाही, आणि उन्हाळ्यात घर पाहायला येणारे लोक लहान विमानानेच तलावावर उतरतात.