कार्मिला, कॉलेज आणि मित्रा

तरुणीच्या प्रेमात पडणारी रक्तपिपासू तरुणी ही भयसाहित्यातली व्यक्तिरेखा काउंट ड्रॅक्युलापेक्षा पंचवीस वर्षांनी थोरली आहे. डब्लिनच्या जोसेफ शेरिडन ल फानूची ‘कार्मिला’ ही लघुकादंबरी १८७१-७२ मध्ये क्रमशः छापून आली, तर ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ मध्ये. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात, आडरानातल्या एका गढीत लॉरा वडिलांसोबत राहत असते. दाराशी एका घोडागाडीला अपघात होतो आणि गाडीतली देखणी मुलगी, कार्मिला, पाहुणी म्हणून घरात येते. मग लॉरा खंगू लागते. मांजरासारखे जनावर रात्री अंथरुणात शिरल्याचे, छातीत दोन सुया खोल टोचल्याचे भास तिला होतात. दिवसा मात्र कार्मिला तिच्याशी बोलते ते थेट प्रेयसीच्या भाषेत.

शेवटी थडगे उकरले जाते, छातीत खुंटी ठोकली जाते, मुंडके उडवले जाते. व्हिक्टोरियन वाचकाचे समाधान झाले. दोन बायकांचे प्रेम माणसांच्या तोंडी उघड छापणे तेव्हा अवघड होते. भुताच्या तोंडी ते खपले. ल फानूचे खरे धाडस निवेदनात आहे. गोष्ट सांगते ती लॉराच, आणि कार्मिला मेल्यावर इतकी वर्षे लोटली तरी तिला ती विसरता आलेली नाही.

पुढची शंभर वर्षे बहुतेकांनी या कथेतली शिक्षा उचलली, आठवण सोडून दिली. ‘ड्रॅक्युलाज डॉटर’ (१९३६), हॅमर कंपनीचा ‘द व्हॅम्पायर लव्हर्स’ (१९७०) हे त्यातले ठळक चित्रपट. १९७१ च्या ‘लस्ट फॉर अ व्हॅम्पायर’ने कार्मिलाला मुलींच्या निवासी शाळेत नेऊन ठेवले; कल्पना चांगली होती, पण कॅमेऱ्याची नजर पुरुष प्रेक्षकाचीच राहिली. जुएल गोमेझच्या ‘द गिल्डा स्टोरीज’ने (१९९१) हे चित्र उलटे केले. गुलामीतून पळालेली कृष्णवर्णीय मुलगी तिथे व्हॅम्पायर होते, आणि रक्त घेताना त्या माणसाला बदल्यात काहीतरी देऊन जाते.

‘डार्क अकॅडेमिया’ हा या व्हॅम्पायरकथेला येऊन मिळालेला दुसरा प्रवाह. डोना टार्टच्या ‘द सीक्रेट हिस्टरी’पासून (१९९२) तो ठसठशीत झाला: व्हरमाँटमधले कॉलेज, ग्रीक शिकणारे मोजके विद्यार्थी आणि त्यांच्याच हातून झालेला खून. जुनी ग्रंथालये, मृत भाषा, विद्येचे वेड आणि त्या वेडाची द्यावी लागणारी किंमत हा त्याचा ऐवज. हे दोन प्रवाह एकत्र आले यात नवल नाही. वसतिगृहात मुलगी प्रथमच घराच्या नजरेबाहेर राहते, खोली दुसऱ्या मुलीबरोबर वाटून घेते, आणि एखाद्या प्राध्यापकाच्या शाबासकीसाठी जीव टाकते. शिष्याचे तारुण्य शोषून घेणारा गुरू हे पात्र तर व्हॅम्पायरशिवायही ओळखीचे आहे. २०१४ च्या ‘कार्मिला’ या कॅनेडियन वेबमालिकेने लॉरा आणि कार्मिलाला एका काल्पनिक विद्यापीठातल्या एकाच खोलीत आणले. एस. टी. गिब्सनच्या ‘अ‍ॅन एज्युकेशन इन मॅलिस’मध्ये (२०२४) त्या दोघी १९६०च्या दशकातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये कवितेच्या विद्यार्थिनी आहेत.

अशा कथेला लागणारी वास्तू मुंबईत कधीचीच उभी आहे. ‘कार्मिला’ छापून येत होती तेव्हा फोर्टात राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे गॉथिक बांधकाम चालू होते. १८६९ मध्ये सुरू झालेले ते काम १८७८ मध्ये पुरे झाले. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, आणि तो मुंबईला कधी आलाच नाही. मराठी वाचकाची भूते मात्र या कमानींखाली राहायला आली नाहीत. ती भेटत ती वाचनालयातून घरी आणलेल्या पुस्तकांत. १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ज्याची नायगावातली वास्तू शारदा सिनेमामुळे साऱ्या दादरला ठाऊक आहे, हे या वाचनसंस्कृतीचे मोठे ठाणे. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली आणि पाश्चात्त्य रक्तपिपासू मराठी मातीत आणला.

इथल्या लोकसमजुतीतल्या स्त्री-भुतांचे वर्गीकरण पाहण्यासारखे आहे. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात दहा दिवसांच्या आत गेली तर हडळ. मेल्यावरही बाईची ओळख नवरा आणि मूल यांच्यावरूनच. दुसऱ्या बाईवर जीव जडलेली बाई या यादीत बसत नाही. तिच्या नावाचे भूतच नाही.

ती बाई मराठी रंगभूमीवर आली, पण भूत म्हणून नव्हे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आले. मित्रा या मुख्य पात्राची भूमिका रोहिणी हट्टंगडींची होती. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, जग कॉलेजचे. सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि नायिका झालेल्या नमा देशमुखच्या प्रेमात पडते. भेटींसाठी आपली खोली देतो तो बापू, आणि गोष्ट सांगतोही तोच. नमावर हक्क सांगणाऱ्या मन्या दळवीच्या हाती मित्राचे लिखाण लागते आणि कॉलेजभर चर्चा सुरू होते. ल फानूच्या कथेत गढीत शिरून जीव शोषते ती परकी पाहुणी. तेंडुलकरांकडे ते काम वर्गातली मुले आणि त्यांची कुजबुज करते. मित्रा एकटी पडत जाते आणि अखेर आत्महत्या करते.

कार्मिलाप्रमाणे मित्रालाही मरावे लागले, हे या प्रकारच्या जुन्या लेखनाचे सगळीकडचेच वळण होते. फरक निवेदकाचा आहे. लॉरा स्वतः त्या प्रेमात गुंतलेली होती. बापू बाहेरचा, मित्रावर मनातून जीव असलेला, आणि ऐन वेळी कमी पडलेला मित्र आहे. त्यामुळे नमाला काय वाटत होते हे नाटकात पुरते कळत नाही. गिब्सनसारख्या आजच्या लेखिका ही बाजूही मांडतात: त्यांच्या कथांत दोघीही बोलतात, आणि व्हॅम्पायर असलीच तर शेवटी तिच्या छातीत खुंटी ठोकणे सक्तीचे राहत नाही.