गोळीचे खरे नाव कुठे सापडते?

आमच्या गल्लीतल्या एका आजींना शुगर आहे. दर महिन्याला त्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणतात. मध्यंतरी पायाला मुंग्या येतात म्हणून मुलाने त्यांना खासगी डॉक्टरांकडे नेले. तिथे नव्या गोळ्या मिळाल्या. जुन्या बंद करायच्या का, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि घरच्यांनी विचारले नाही. आजींनी दोन्ही चालू ठेवल्या. चौथ्या दिवशी सकाळी नळावर पाणी भरताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि त्या जागीच खाली बसल्या. शेजारणीने चटकन साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले.

संध्याकाळी नातू सगळ्या स्ट्रिपा घेऊन दुकानात आला. मी मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. सरकारी स्ट्रिपांपैकी एकीवर ग्लिमेपिराइड लिहिले होते, दुसरीवर मेटफॉर्मिन. खासगी डॉक्टरांच्या गोळीचे नाव अगदी वेगळे होते, पण त्या एकाच गोळीत हेच दोन्ही घटक होते. रंग वेगळा, नाव वेगळे, म्हणून औषधही वेगळे, असे आजींना वाटले. ग्लिमेपिराइड दुप्पट पोटात गेले की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. तेच झाले होते.

नातू म्हणाला, "ताई, हे आम्हाला कसं कळणार?"

मी काउंटरखालचे जाड पुस्तक काढून त्याच्यासमोर ठेवले. तुम्हीही मेडिकलमध्ये किंवा डॉक्टरांच्या टेबलावर असे पुस्तक पाहिले असेल. सिम्स, मिम्स, ड्रग टुडे, आयडीआर ही त्यातली आपल्याकडे चालणारी नावे. बाजारात कोणत्या नावाने कोणते औषध मिळते, त्यात काय आहे, कोणती कंपनी ते बनवते, किती पावरची गोळी येते आणि किंमत काय, याची ती यादी असते. नव्या कंपन्या, नवी नावे, बदललेल्या किमती येतच राहतात, म्हणून त्याची नवी आवृत्ती पुन्हा पुन्हा काढावी लागते.

एक सरकारी पुस्तकही आहे, नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया. त्याची पहिली आवृत्ती 1960 मध्ये निघाली आणि सहावी 2021 मध्ये. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग ते काढतो. त्यात कंपन्यांच्या नावांचा बाजार नसतो. औषध त्याच्या मूळ नावाने दिलेले असते. कोणते पुस्तक कोणाच्या पैशावर निघते, हेही पाहावे. अमेरिकेत फिजिशियन्स डेस्क रेफरन्स नावाचा जाडजूड ग्रंथ 1947 पासून निघत असे. डॉक्टरांना तो फुकट मिळे, कारण त्यात माहिती छापण्याचे पैसे औषध कंपन्या भरत. माहिती खोटी होती असे नाही, पण कोणाचे औषध ठळक दिसेल हे पैशावर ठरे. त्याची छापील आवृत्ती 2017 नंतर बंद झाली. आपल्याकडच्या पुस्तकांतही जाहिराती असतात. त्या सोडून मजकूर वाचायचा.

या पुस्तकाची सगळी गंमत एका गोष्टीत आहे. प्रत्येक गोळीला दोन नावे असतात. एक कंपनीने दिलेले, म्हणजे ब्रँड. दुसरे औषधाचे स्वतःचे, मूळ किंवा जेनेरिक नाव. साधी क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही तीन नावे झाली, औषध एकच, पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनबरोबर पुन्हा पॅरासिटामॉल आहेच. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही ते असते. ताप आला म्हणून एक, अंग दुखते म्हणून दुसरी, नाक वाहते म्हणून तिसरी गोळी घेणारा माणूस एकच औषध तीनदा घेत असतो. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा. दारू पिणाऱ्याला किंवा लिव्हरचा त्रास असणाऱ्याला त्याहूनही कमी. ओलांडली तर लिव्हर निकामी होऊ शकते, आणि पहिल्या दिवशी त्याचा पत्ताही लागत नाही.

नावांचा घोळ फक्त आपल्यासारख्यांचाच होतो असे समजू नका. मलेरियाच्या दोन औषधांची नावे होती फाल्सिगो आणि फाल्सिटॅब. एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन, म्हणजे औषधे सर्वस्वी वेगळी. नावांच्या या सारखेपणावरून दोन कंपन्यांचे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 2001 मध्ये कोर्टाने म्हटले की औषधाच्या बाबतीत नावांचा गोंधळ जिवावर बेतू शकतो, म्हणून तिथे इतर मालापेक्षा जास्त कडक राहिले पाहिजे. डॉक्टर आणि केमिस्टही चुकू शकतात, हे कोर्टाने गृहीत धरले आहे.

म्हणून स्ट्रिप हातात आली की आधी मूळ नाव शोधा. एका घटकाच्या गोळीवर मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापावे, असा नियम 2018 पासून आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मूळ नाव, वाचता येईल असे आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असे मेडिकल कौन्सिलनेही 2016 मध्ये सांगितले. तेव्हा "डॉक्टरसाहेब, औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही. गोळी कापताना मात्र नावाचा आणि एक्सपायरीचा तुकडा आधी कापला जाऊ देऊ नका. सुट्या गोळ्या कागदात बांधून दिल्या, तर त्यावर नाव लिहून मागा.

पुस्तकात मूळ नावाखाली जी माहिती असते, ती कशी वाचायची यात खरी मेख आहे. औषध कशासाठी, डोस किती, कोणाला द्यायचे नाही, कोणाला जपून द्यायचे, दुष्परिणाम कोणते, कोणत्या दुसऱ्या औषधाशी जमत नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते का, असे क्रमाने दिलेले असते. दुष्परिणामांची यादी लांबलचक दिसते आणि ती वाचून माणूस घाबरतो. पण त्यात शंभरात दहा जणांना होणारा त्रास आणि लाखात एखाद्याला होणारा त्रास शेजारी शेजारी लिहिलेला असतो. यादीत आहे म्हणजे तुम्हाला होणारच, असे नव्हे.

टीबीचेच पाहा. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. पुस्तकात ते स्वच्छ लिहिलेले आहे आणि त्यात धोका काही नाही. तरी लघवीतून रक्त जाते या भीतीने गोळ्या सोडलेली माणसे मी पाहिली आहेत. अर्धवट सोडलेला टीबी पुढे औषधाला दाद देत नाही. याच औषधाबद्दल दुसरी एक ओळ आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. माला-एन घेणाऱ्या बाईला टीबीचे उपचार सुरू झाले, तर गोळी रोज न चुकता घेऊनही दिवस जाऊ शकतात. तिने आरोग्यसेविकेला किंवा डॉक्टरांना विचारून दुसरे साधन वापरावे. टीबीचे औषध मात्र थांबवायचे नाही.

बीपीवर रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर काहींना कोरडा खोकला लागतो. आमच्या दुकानात एक काका चार महिने खोकल्याची बाटली नेत होते. त्यांना विचारले, "काका, बीपीची गोळी कोणती?" तेव्हा उलगडा झाला. त्यांनी गोळी स्वतःहून सोडली नाही हे बरे केले. डॉक्टरांकडे गेले, गोळी बदलून मिळाली, खोकला गेला.

डोसचा रकाना मात्र आपण हिशेब करण्यासाठी नाही. मूत्रपिंड कसे चालते, वजन किती, वय किती, यावर डोस बदलतो. लहान मुलांच्या बाबतीत तर फारच जपावे. पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये 5 मिलिलिटरच्या एका चमच्यात साधारण 120 किंवा 125 मिलिग्रॅम औषध असते. 250 वालेही मिळते. तान्ह्या बाळाच्या ड्रॉप्समध्ये पुष्कळदा 1 मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम असते. बाळाचे औषध म्हणून ते सौम्य असेल असा समज उलटा आहे. सिरपचा चमचा ड्रॉप्सने भरला तर बाळाच्या पोटात 500 मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी जाते. बाटलीवरचा हा आकडा वाचल्याशिवाय चमचा भरू नका, आणि ड्रॉप्स त्यांच्याच ड्रॉपरने द्या.

हातात मोबाईल असेल तर जाड पुस्तक लागतेच असे नाही. औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे फार्मा सही दाम नावाचे अ‍ॅप आहे. त्यात गोळीचे नाव टाकले की आतले घटक, किंमत आणि त्याच घटकांच्या दुसऱ्या गोळ्या दिसतात. जनऔषधी सुगम या अ‍ॅपवर जवळचे जनऔषधी केंद्र सापडते आणि बाजारातल्या किमतीशी तुलना करता येते. जास्त खपाच्या 300 ब्रँडच्या वेष्टनावर ऑगस्ट 2023 पासून चौकोनी क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे. तो स्कॅन केला की मूळ नाव, कंपनी, बॅच आणि एक्सपायरी कळते. औषध विकणारी अ‍ॅपही बरीच माहिती देतात, पण त्यांना ते औषध खपवायचे असते, एवढे ध्यानात ठेवावे. नाव टाइप करताना एक अक्षर चुकले तरी भलतीच गोळी समोर येते, म्हणून स्ट्रिपवरचे स्पेलिंग अक्षर अन् अक्षर जुळवा.

रद्दीवाल्याकडे जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात. कोणत्या ब्रँडमध्ये काय असते हे शिकायला ती एकवेळ चालतील, औषध ठरवायला अजिबात नाही. निमेसुलाइड हे तापाचे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यावर 2011 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या पुस्तकात ते मुलांचे औषध म्हणूनच सापडेल. 2016 मध्ये सरकारने 344 मिश्र औषधांवर आणि 2024 मध्ये आणखी 156 वर बंदी घातली. छापलेले पान या बंदीसरशी बदलत नाही.

आजींच्या नातवाने त्या रात्री वहीचे एक पान फाडून त्यावर सगळ्या गोळ्या लिहिल्या: मूळ नाव, किती मिलिग्रॅम, सकाळ की रात्र, कोणी दिली, कधीपासून. दुसऱ्या दिवशी ते पान आणि सगळ्या स्ट्रिपा घेऊन तो आजींना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी रक्त तपासले, एकच संच ठेवला आणि बाकीच्या गोळ्यांवर काट मारली. आता ते पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून आजींच्या डब्यातच ठेवलेले असते आणि कोणत्याही दवाखान्यात जाताना बरोबर जाते.

कोणत्याही गोळीने अंगावर रिअ‍ॅक्शन आली, चक्कर आली, सूज आली, तर आधी डॉक्टर गाठा. त्यानंतर 1800-180-3024 या सरकारी क्रमांकावर फुकट फोन करून ते नोंदवता येते. डॉक्टरच असावे लागते असे नाही, रुग्ण किंवा घरचे कोणीही सांगू शकते. फोन करताना स्ट्रिप हातात ठेवा. औषधाचे नाव आणि बॅच नंबर तिच्यावरच असतो.