शोककवितेआधीचा अर्ज

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्या लढ्यातले एक अग्रणी होते सिनेटर चार्ल्स समनर. गुलामगिरीविरुद्ध बोलले म्हणून १८५६ मध्ये दक्षिणेतल्या एका लोकप्रतिनिधीनं त्यांना सिनेटच्या सभागृहातच काठीनं बेशुद्ध होईपर्यंत मारलं. सावरायला तीनेक वर्षं लागली.

समनर यांच्या निधनानंतर लाँगफेलो आणि व्हिटियर या दोघा कविमित्रांनी त्यांच्यावर कविता लिहिल्या. लाँगफेलोची आटोपशीर, व्हिटियरची चांगली लांबलचक. मला, खरं सांगतो, लाँगफेलोचीच आवडते. पण व्हिटियर मोठा वाटतो तो वेगळ्याच कारणानं.

यादवी युद्धातल्या विजयांची नावं पलटणींच्या निशाणांवर नकोत, हरलेलेही आपलेच आहेत, असं समनर यांनी १८७२ मध्ये सुचवलं. त्यांच्याच मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळानं त्यांच्या निषेधाचा ठराव केला. तो रद्द व्हावा म्हणून साठी उलटलेला व्हिटियर अर्ज-विनंत्या करत राहिला. पहिल्या वर्षी कुणी ऐकलं नाही. अखेर १८७४ च्या फेब्रुवारीत निषेध मागे घेतला गेला.

१० मार्चला ते सिनेटमध्ये जाहीर झालं. आजारी समनर तिथं हजर होते. ११ मार्चला ते गेले.