टेम्प ट्रॅक : तात्पुरतं संगीत कायमचं कसं होतं?

चित्रपटाचं संकलन चालू असतं तेव्हा त्याचं पार्श्वसंगीत सहसा तयार नसतं. मग संकलक दुसऱ्याच चित्रपटातलं संगीत दृश्याखाली लावून ठेवतो. हाच टेम्प ट्रॅक. दिग्दर्शक तो कित्येक आठवडे ऐकतो, दृश्याचे कटही त्याच ठेक्यावर पडतात. संगीतकार येतो तेव्हा त्याला सांगतात, "असंच काहीतरी द्या!" बिचाऱ्याने नवं काय सुचवायचं?

'२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) साठी ॲलेक्स नॉर्थ यांनी संगीत रचलं होतं. कुब्रिक यांनी ते वगळून आधी लावलेल्या अभिजात रचनाच ठेवल्या. नॉर्थना हे कळलं थेट चित्रपट बघताना.

आपल्याकडे उसनी चाल उघडपणे चालायची. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा. पदाच्या वर 'चाल' लिहून आधीच्या गाण्याचे शब्द छापलेले दिसतील. 'मानापमान' (१९११) मधल्या गोविंदराव टेंब्यांच्या काही चालींमागेही ठुमरी-दादरे होते. पण मराठी शब्द आणि बालगंधर्वांचा गळा मिळाल्यावर त्या वेगळ्याच झाल्या. म्हणजे उसनं घेणं वाईट नाही, तिथेच थांबणं वाईट.

स्नेहसंमेलनाच्या नाटिका आपण मोबाइलवरच्या सिनेमा-संगीतावर बसवतो. मग पेटी वाजवणाऱ्या मुलाला वावच उरत नाही. एकदा करून बघा : वेरूळच्या सहलीचा व्हिडिओ आधी आवाज बंद करून दाखवा आणि इथे कोणतं वाद्य हवं, ते मुलांना विचारा. गाणं त्यानंतर लावा.