क्लाइडकाठची क्रेन आणि मुंबईची जकात



ग्लासगो शहरात क्लाइड नदीच्या काठी, फिनिस्टन नावाच्या भागात, एक अवाढव्य क्रेन उभी आहे. 1932 सालची. एका वेळी 175 टन वजन उचलण्याची तिची ताकद होती. आता ती काहीच उचलत नाही, पाडलीही जात नाही. शहराची खूण म्हणून तिला राखून ठेवले आहे. इस्राएलहून कोणी पाहुणा आला की मी त्याला तिथे घेऊन जाते आणि सांगते, "हिने उचललेली इंजिने आपल्या आजोबांच्या गाड्यांना लागली असतील." पाहुण्याला वाटते, बाई निवृत्त झाल्या तरी शिकवणे सोडीत नाहीत. ते खरेच आहे. आज तोच धडा जरा सविस्तर सांगते.

निमित्त असे की 24 जुलै 2025 रोजी भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार कराराच्या कागदांवर सह्या झाल्या. भारतातर्फे पीयूष गोयल आणि ब्रिटनतर्फे जोनाथन रेनॉल्ड्स यांनी सही केली. दोन्ही पंतप्रधान हजर होते. त्यानंतर मुंबईहून आलेल्या प्रत्येक फोनवर एकच प्रश्न असे : स्कॉच स्वस्त होणार का? त्याचे उत्तर पुढे देते. पण दोन देशांच्या व्यापारात खरा प्रश्न आधी हा असतो की जकात ठरवतो कोण? मुंबई आणि ग्लासगो यांच्या दोनशे वर्षांच्या व्यवहाराची गोष्ट या एका प्रश्नाभोवती फिरते.

1813 पर्यंत हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे, म्हणजे लंडनकडे होता. ग्लासगोच्या व्यापाऱ्यांना तो मोडायचा होता. त्यांचा पुढारी कर्कमन फिनले हा कापूस आणि सुताचा मोठा व्यापारी. तो शहराचा लॉर्ड प्रोव्होस्ट म्हणजे नगराध्यक्ष झाला, पार्लमेंटातही गेला. मक्ता मोडला आणि 1816 साली त्याच्या पेढीचे 'अर्ल ऑफ बकिंगहॅमशायर' हे जहाज क्लाइडवरून हिंदुस्थानकडे निघाले. खुला व्यापार हा त्यांचा मंत्र होता. मात्र तो एकाच दिशेने खुला होता. विलायतेचे कापड आपल्या बंदरात अडीच टक्के जकातीवर उतरत असे; आपले कापड विलायतेत नेले तर त्यावर कित्येक पट जकात बसे. यात हिंदुस्थानला कोणी विचारले नव्हते, कारण विचारावे असा त्याचा वकीलच कुठे नव्हता.

ग्लासगोच्या वायव्येला लेव्हन नदीचे खोरे आहे. तिथे 'टर्की रेड' नावाचा लाल रंग कापडाला देत. मूळचा मंजिष्ठेचा, पुढे रसायनाचा. तेल आणि तुरटीच्या प्रक्रियेने तो इतका पक्का बसे की धुतला तरी उतरत नसे. हे कापड मुख्यतः हिंदुस्थानसाठी होई. त्यावर मोर, हत्ती, कोयरी छापत, आणि कोणते नमुने खपतात हे मुंबईचे अडत्ये कळवीत. गंमत पाहा, ज्या कारागिराने मोर कधी पाहिला नाही तो आपल्या बायाबापड्यांच्या लुगड्या-चोळ्यांसाठी मोर छापीत बसे.

मग मुंबईत गिरण्या निघाल्या आणि विलायतेतील कापडवाल्यांच्या पोटात गोळा आला. 1882 साली हिंदुस्थान सरकारने कापडावरची आयात जकात काढूनच टाकली. पुढे तिजोरी रिकामी झाल्यावर ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा लँकेशायरच्या दडपणामुळे 1896 साली असा तोडगा निघाला की बाहेरच्या कापडावर साडेतीन टक्के जकात आणि मुंबईच्या गिरणीत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर! म्हणजे स्वतःच्या घरात विणले तरी दंड. आपले लोक मोठ्या संख्येने मुंबईच्या गिरण्यांत काम करीत, सासून घराण्याच्या गिरण्यांत तर विशेष. तेव्हा या कराची झळ आपल्या घरांपर्यंतही पोहोचलीच असणार. हा कर 1926 साली रद्द झाला. तीस वर्षे तो चालला यावरून सत्ता कोणाच्या हातात होती ते कळते.

व्यापारी मात्र हुशार. फिनलेंच्या पेढीने ओळखले की वारा फिरतो आहे, आणि मुंबईतच गिरण्या चालवायला घेतल्या. लालबाग-परळ भागातली फिनले मिल ती हीच. गिरण्यांचे भोंगे ऐकत आम्ही शाळेला जात असू. ते नाव एका स्कॉच माणसाचे आहे हे मला इथे आल्यावर कळले. 1983 साली सरकारने ज्या गिरण्या ताब्यात घेतल्या त्यांत तीही होती. इकडे लेव्हनच्या खोऱ्यातले रंगकाम 1960 च्या सुमारास बंद पडले.

आता इंजिने. ग्लासगोच्या स्प्रिंगबर्न भागात 1903 साली तीन कारखाने एकत्र येऊन नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली. युरोपात इंजिनांचा एवढा मोठा कारखाना दुसरा नव्हता. आपल्या रेल्वे कंपन्यांची संचालक मंडळे लंडनला बसत आणि माल विलायतेतच घेत. सुरुवातीला त्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या महसुलातून दिलेली होती. नफा झाला तर त्यांचा, तूट आली तर रयतेची. आपल्यातील कित्येकांनी रेल्वेत इमानाने नोकऱ्या केल्या आणि घरे उभी केली. इंजिन इथेच का होत नाही, हा प्रश्न मात्र वरच्या टेबलावर कोणी फारसा विचारला नाही. होत नव्हते असेही नाही. अजमेरच्या कारखान्यात 1895 मध्येच इंजिन तयार झाले होते.

स्वातंत्र्यानंतरही ग्लासगोला काही वर्षे मागण्या आल्या. पण 1950 साली चित्तरंजनचा कारखाना सुरू झाला, तिकडे जग डिझेल आणि विजेकडे वळले, आणि 1962 साली स्प्रिंगबर्नची कंपनी बुडाली. इथले म्हातारे लोक अजून हळहळतात. त्यांचे दुःख मला खोटे वाटत नाही. साम्राज्यात हिशेब लंडनने मांडला, पण स्प्रिंगबर्नचा कामगार आणि परळचा कामगार दोघांचीही रोजी त्यात गेली.

आता राजनैतिक संबंधांविषयी. ते नसले म्हणजे काय होते हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. भारताने इस्राएलला 17 सप्टेंबर 1950 रोजी मान्यता दिली, 1953 मध्ये मुंबईत इस्राएलची वकिलात निघाली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळण्यास 29 जानेवारी 1992 उजाडावे लागले. भारत आणि ब्रिटन यांचे तसे नव्हते. 1947 पासूनच संबंध होते. दोघेही कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे त्यांच्या वकिलाला 'राजदूत' न म्हणता 'हायकमिशनर' म्हणतात, एवढाच फरक. स्कॉटलंडसाठी भारताची वकिलात एडिंबरोला आहे. स्कॉटलंडची स्वतःची पार्लमेंट असली तरी परराष्ट्रव्यवहार लंडनच्या हातात आहे. म्हणजे स्कॉचवरची जकात ठरताना स्कॉटलंड बाहेरच बसला होता! मला यात थोडी मौज वाटते. शेजाऱ्यांना सांगितल्यावर त्यांना वाटली नाही.

तर स्कॉचचे उत्तर. भारत बाटल्यांच्या संख्येने स्कॉचचा जगातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक आहे. 2024 मध्ये सुमारे 19 कोटी बाटल्यांइतका माल गेला, त्यातला पुष्कळसा पिंपांतून, तिकडे बाटलीत भरण्यासाठी. करारावर सह्या झाल्या तेव्हा जकात होती 150 टक्के. करारानुसार, तो अंमलात येताच ती 75 वर आणि दहाव्या वर्षी 40 वर यायची असे ठरले. पण दुकानातली किंमत निम्मी होईल असे समजू नका. ही केंद्राची आयात जकात आहे. राज्याचा अबकारी कर वेगळा, आणि तो महाराष्ट्र सरकार स्वतः ठरवते. माझे म्हणाल तर किद्दुशला मनुकांच्या शरबतापलीकडे माझी मजल कधी गेली नाही.

उलट दिशेने जवळजवळ सर्व भारतीय माल ब्रिटनमध्ये बिनजकात येईल. त्यात कापड आणि तयार कपडे आहेत. आतापर्यंत भारतीय कपड्यांवर इथे 12 टक्क्यांपर्यंत जकात होती, बांगलादेशाच्या मालाला मात्र सूट. या खेपेस भारताने घासाघीस करून आपले म्हणणे मान्य करून घेतले, आणि जिथे द्यायचे नव्हते तिथे, उदाहरणार्थ दूधदुभत्यात, दिले नाही.

आणखी एक गोष्ट ठाण्या-मुंबईच्या नातलगांना जरूर कळवा. भारतातील कंपनीने तात्पुरत्या कामावर इथे पाठवलेल्या माणसाला आणि त्याच्या कंपनीला ठरावीक मुदतीपर्यंत ब्रिटनचा नॅशनल इन्शुरन्स भरावा लागणार नाही. त्याची वर्गणी भारतातच चालू राहील. आजवर तो भरलेला पैसा बहुतेकांच्या उपयोगी न पडता इथेच राहत असे. इथल्या कंपनीने थेट नोकरीवर घेतलेल्यांना मात्र ही सवलत नाही. तेव्हा कोणाचा मुलगा-मुलगी येणार असेल तर करार अंमलात आल्याची तारीख पाहून, निघण्यापूर्वीच कंपनीकडून दाखला मागून घ्यावा.