सुभेदारांच्या घरातली पोथी

रामजी मालोजी सकपाळ यांच्याविषयी लिहायला बसलं की एक पंचाईत होते. त्यांच्याबद्दल जे हाती लागतं ते बहुतेक मुलाच्या, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या, आयुष्याच्या कडेकडेने आलेलं. बाबासाहेबांनी लिहून ठेवलेल्या आठवणी आणि चांगदेव खैरमोडे, धनंजय कीर यांनी लिहिलेली चरित्रं, ही मुख्य साधनं. सगळीकडे रामजी भेटतात ते बाप म्हणूनच. जयंतीच्या भाषणांत तर ‘शिस्तीचे होते, कबीरपंथी होते’ एवढं बोलून वक्ता पुढे सरकतो. घाई करू नये, माणूस थांबण्यासारखा आहे.

घराणं मूळचं कोकणातल्या आंबडव्याचं. कंपनी सरकारच्या अमदानीपासून घरात पलटणीची नोकरी. रामजी सुभेदार होऊन निवृत्त झाले, पण त्यांचा पिंड मास्तरांचा. लष्करी शाळेत 14 वर्षं ते मुख्याध्यापक होते. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या, त्याही सुभेदाराच्या घरातल्या. 1891 साली महूला जन्मलेला भिवा, म्हणजेच पुढचे बाबासाहेब, हे या जोडप्याचं 14वं अपत्य. महारांची सैन्यभरती सरकारने बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज करण्यात रामजी पुढे होते आणि न्यायमूर्ती रानड्यांची त्यात मदत झाली, असं चरित्रकार सांगतात. पेन्शनीत निघाल्यावर दापोली झाली, मग सातारा. साताऱ्यात भीमाबाई गेल्या आणि लहानग्यांचं घर मीराआत्याच्या गळ्यात पडलं. या आत्याला पायाच्या दुखण्यामुळे आधाराशिवाय हलता येत नसे.

पोटासाठी रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर गेले. सरकार तलाव खोदून घेत होतं, तिथे ते रोखपाल. सुट्टीत मुलांना त्यांनी तिकडे बोलावलं. पुढची हकिगत सर्वांना ठाऊक आहे: मसूर स्टेशनवर उतरलेली पोरं, जात कळताच मागे सरलेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाड्याची बैलगाडी आणि रात्रभर न मिळालेलं पाणी. मला त्यातल्या दोन बारीक गोष्टी सोडवत नाहीत. एक म्हणजे त्या प्रवासासाठी शिवलेले नवे शर्ट, जरीच्या टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरं. मुलं बापाला भेटायला निघाली होती ती लग्नाला निघाल्यासारखी. दुसरी म्हणजे, येत असल्याचं पत्र पोचलं होतं. नोकराच्या हाती पडलं आणि तो द्यायला विसरला. रामजींना मुलं निघाल्याचा पत्ताच नव्हता.

याच माणसाने पुढे दुसरं लग्न केलं. नव्या आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून भिवा बिथरला. मुंबईला पळून गिरणीत लागायचं त्याने ठरवलं आणि वाटखर्चासाठी आत्याच्या कनवटीची पिशवी लांबवली. निघाला अर्धा आणा. पोरगा खजील झाला आणि अभ्यासाला लागला, असं कीर लिहितात. रामजींनी लग्न का केलं याचं समर्थन मी करणार नाही. घरात बाई नसलेल्या त्या काळच्या पुरुषाला दुसरं सुचलं नसेल, एवढंच.

1904 साली बिऱ्हाड मुंबईत परळला आलं. चाळीत एकच खोली. चूल तिथेच, सरपण तिथेच, निजणं तिथेच. उशाशी जातं, पायथ्याशी बांधलेली शेळी. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवत आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आडवे होत. भिवा मिणमिणत्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाची. पुस्तकाचा हट्ट धरला आणि पैसे नसले की रामजी लेकींकडे जात. एकीकडे जमलं नाही तर दुसरीकडे. रोकड नसली तर तिचा डाग मागून घेत, मारवाड्याकडे गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून आणून देत. भिवाच्या थोरल्या भावाला, आनंदरावाला मात्र शाळा सोडून कामाला लागावं लागलं. दोघांचं शिक्षण झेपणारं नव्हतं. बापाच्या कौतुकात आनंदरावाची ही बाजू कुणी फारशी मांडत नाही, ती मांडायला हवी.

आता पोथीकडे येतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत वडिलांचं जे चित्र आहे, ते कुठल्याही चरित्रापेक्षा सरस आहे. रामजी कबीरपंथी, म्हणजे मूर्तिपूजा न मानणारे. तरी मुलांसाठी घरात गणपती बसवायचे. ही विसंगती मुलाला लहानपणीच खटकली होती. निजण्याआधी रोज दोघा भावांनी रामायण-महाभारत मोठ्याने वाचायचं आणि बहिणींनी, जमलेल्या शेजाऱ्यांनी ऐकायचं, हा नेम वर्षानुवर्षं चालला.

मुलाने एकदा सरळच विचारलं: ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी, ते आपण का वाचायचे? रामजी चिडले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की आपण अस्पृश्य, तेव्हा मनात न्यूनगंड येण्याचा धोका. द्रोण, कर्ण लहान स्थितीतून किती उंच चढले ते बघ, वाल्मीकी तर कोळी होता. भक्ताचं नव्हे, हे मास्तराचं उत्तर झालं. मुलाचं समाधान झालं नाही. त्याने भीष्म, द्रोण, कृष्ण आणि शेवटी राम, सगळ्यांनाच उलटतपासणीत घेतलं. रामजी गप्प बसले. मुलगा बंड करून उठला आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

त्या काळच्या किती घरांत असा प्रश्न मारावाचून निभावला असता? मोठ्याने वाचायची सवय ज्याने लावली, त्यालाच त्या वाचनाने गप्प केलं आणि त्याने ते सोसलं. रामजींची भक्ती मला तिथे सर्वांत खरी वाटते, भजनातल्यापेक्षाही.

जानेवारी 1913 मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. 2 फेब्रुवारीला रामजी गेले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या शिष्यवृत्तीवर मुलगा न्यूयॉर्कला पोचला.

रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये छापला गेला, तो आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग आणि दाखवलेली जाण, एवढ्याच दोन गोष्टींसाठी तिथे कृतज्ञता आहे. वडिलांच्या पंथाचा किंवा पोथीचा उल्लेख नाही.