पाणी गेलं, की बटाटा खरपूस

ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची फोड बाहेरून खरपूस आणि आतून मऊसूत व्हायला हवी. घरच्या ओटीजीत मात्र ती पुष्कळदा चिवट होते, नाहीतर कडा करपतात आणि गाभा कच्चा राहतो. मग आपण मसाला बदलतो, तेल वाढवतो. खरं कारण वेगळंच असतं. बटाट्याच्या वजनात सुमारे ८० टक्के पाणी असतं. हे पाणी फोडीच्या कोणत्या भागातून, केव्हा आणि किती जातं, त्यावर या पदार्थाचं यश ठरतं.

२०० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमधल्या हवेत हात क्षणभर गेला तर पोळत नाही; १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात गेला तर लगेच पोळतो. हवा उष्णता फार सावकाश पोचवते. म्हणूनच तेलात काही मिनिटांत तळून होणाऱ्या फोडीला ओव्हनमध्ये पाऊण तास लागतो. त्यात फोड ओली असेपर्यंत तिचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही, कारण मिळणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पृष्ठभाग कोरडा पडला, की तापमान चढू लागतं आणि १४० अंशांच्या आसपास फोड झपाट्याने रंग धरते.

हा रंग आणि त्याबरोबरचा खमंग वास म्हणजे ‘मायार अभिक्रिया’. फ्रेंच संशोधक लुई-कामीय मायार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं. शर्करा आणि अमिनो आम्लं उष्णतेत एकत्र आली, की त्यांच्यापासून वास, चव आणि रंग देणारी अनेक संयुगं तयार होतात. पावाचं तांबूस कवच, भाजलेली कॉफी आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा रंग यांमागे हीच अभिक्रिया आहे.

आतलं काम कमी तापमानाला होतं. साधारण ६० ते ७० अंशांना बटाट्यातल्या स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि गर मऊ होतो. हे काम आधीच उरकून घेतलं, तर ओव्हनला फक्त पृष्ठभाग सुकवून रंग आणायचा उरतो. म्हणून मोठ्या फोडी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळून घ्याव्यात. या पाण्यात खाण्याचा सोडा घातला तर आणखी फायदा होतो. वनस्पतीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन अल्कधर्मी पाण्यात लवकर विरघळतं, त्यामुळे फोडीची कड पिठूळ होते. दोन लिटर पाण्याला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. आम्लाचा परिणाम याच्या उलट असतो. आमटीत चिंच आधी घातली तर भाजी लवकर शिजत नाही, तेही या पेक्टिनमुळेच.

पाणी निथळून पातेलं मिनिटभर मंद आचेवर ठेवावं आणि वाफ जाऊ द्यावी. मग झाकण लावून पातेलं चांगलं हलवावं. फोडींच्या कडा खरबरीत होतात, त्यांवर स्टार्चचा पातळ लेप बसतो आणि सुकायला जास्त पृष्ठभाग मिळतो. पुढे हाच लेप कुरकुरीत होतो. त्याला तेल किंवा साजूक तूप चोळावं. लोण्यात पाणी असतं आणि त्यातला दुधाचा अंश करपतो. तुपात हे दोन्ही जवळजवळ नसतात. ट्रेमध्ये फोडी एकमेकींना चिकटू देऊ नयेत. दाटीवाटीने ठेवल्या तर वाफ अडकते आणि बटाटे भाजण्याऐवजी वाफवले जातात. ओव्हन आधी २२० अंशांना तापवावा आणि फोडी अर्ध्या वेळाने उलटाव्यात. लसूण आणि तिखट शेवटच्या पाच मिनिटांत घालावं, आधी घातलं तर करपतं.

बटाट्याची निवडही महत्त्वाची. ‘कुफरी चिपसोना-१’ हा १९९८ साली प्रसारित झालेला वाण वेफर्ससाठीच तयार केला गेला, कारण त्यात घन अंश जास्त आणि साखर कमी असते. घरचा बटाटा पारखायची सोपी रीत आहे. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडा. पिठूळ बटाटा बुडतो, तो भाजायला उत्तम. चिकट बटाटा तरंगतो, तो रस्स्याला ठेवावा. ‘बटाटे गोड निघाले’ ही तक्रारही शास्त्राला धरून आहे. शीतगृहात २ ते ४ अंशांना ठेवलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. असा बटाटा ओव्हनमध्ये लवकर काळपटतो. म्हणून वेफर्सचा बटाटा १० ते १२ अंशांना साठवतात.

इथे आरोग्याचाही प्रश्न आहे. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की स्टार्चयुक्त पदार्थ जास्त तापमानाला भाजले-तळले, की त्यांत ॲक्रिलामाइड तयार होतं. बटाट्यातलं ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आणि शर्करा १२० अंशांच्या वर एकत्र आल्या, की ते बनतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यामुळे कर्करोग झाल्याचं दिसलं आहे. माणसांच्या बाबतीत आहारातून असा धोका ठामपणे सिद्ध झालेला नाही. तरीही खबरदारी सोपी आहे. रंग जितका गडद, तितकं ॲक्रिलामाइड जास्त. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१७ साली नागरिकांना हाच सल्ला दिला: सोनेरी रंगावर थांबा. सोड्यामुळे रंग लवकर चढतो, त्यामुळे तो वापरला असेल तर शेवटची दहा मिनिटं ओव्हनपासून दूर जाऊ नका. आणि हिरवट पडलेला बटाटा भाजायला घेऊच नका. त्यातलं सोलॅनिन हे विषारी द्रव्य ओव्हनच्या उष्णतेनेही पुरतं नष्ट होत नाही.

वरण-भाताबरोबर हे तोंडीलावणं जरूर करून पाहा. बटाटा पिठूळ निवडा, वाफ जाऊ द्या, ट्रेमध्ये जागा ठेवा आणि सोनेरी रंग आला की लगेच बाहेर काढा.